चौसष्ट करकोचे

घंटी एकदाच वाजली आणि रुपचंदनं सवयीनं गाडी डाव्या अंगाला घेऊन थांबवली. चिमठाण्याच्या पुढे, जिथं ना फाटा ना थांबा, अशा मोकळ्या रस्त्यावर. त्यानं आरशात पाहिलं. कोणी उतरत नव्हतं, आणि चढायला तर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

"कोन उतरी ऱ्हायनं वं बाई?"

"कोनीच नही. भाऊ, जरा इंजिन बंद करा," सुनंदाबाई म्हणाल्या.

रुपचंदनं मान वळवून पाहिलं. सुनंदाबाईंना कंडक्टर होऊन सव्वीस वर्षं झाली होती. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एवढ्या वर्षांत त्यांनी प्रवाशाशिवाय एकदाही दोरी ओढली नव्हती. बाईंना चक्कर आली असेल, असं त्याला वाटलं. पण बाई खिडकीला नाक लावून उभ्या होत्या आणि चेहरा असा फुलला होता की जणू माहेरचं माणूस दिसलंय.

"काय व्हयनं वं माय? गाडी बिघडनी का?" मेथीची जुडी मांडीवर घेऊन बसलेल्या मंजुळाबाईंनी विचारलं.

"बिघडनी नही, मावशी. त्या हरभरामा देखा."

पाझर तलावाच्या खालच्या हरभऱ्यात राखाडी रंगाचे उंच पक्षी चरत होते. काळी मान, डोळ्यामागून निघालेला पांढरा तुरा. कांड्या करकोचे! सुनंदाबाईंनी ते मोजले. सिटा मोजायची सवय. एकदा पुढून मागे, एकदा मागून पुढे. गाडीत चव्वेचाळीस, शेतात चौसष्ट.

"इतला बठ्ठा पाखरं कोठेन उनात?"

"पार मंगोलियाकडून. हिमालय वलांडीसन येतस."

"मंग त्यासनं तिकीट कोनी फाडं?" मंजुळाबाई म्हणाल्या आणि सगळी गाडी हसली.

गाडी सगळीच डावीकडे कलली. "कोनी उतरू नका, उडी जातीन!" असं बाईंनी बजावलं, तेव्हा खिडक्यांतून हात बाहेर निघाले आणि ज्यानं त्यानं मोबाईल रोखला. सात मिनिटं गेली. मग दोनदा घंटी वाजली.

आता हा वेडेपणा कशासाठी, ते सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी कोणी तरी पक्ष्यांचं एक पुस्तक गाडीत विसरलं होतं. बाईंनी ते नियमाप्रमाणे आगारात जमा केलं, पण जमा करण्यापूर्वी दोनदा वाचलं, आणि पुढच्या पगाराला स्वतःसाठी एक विकत घेतलं. तेव्हापासून दोंडाईच्याच्या रस्त्यावरचं एकही पाखरू त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. 'खान्देशी पाखरं' या मोबाईलवरच्या ग्रुपात त्याही होत्या. दर हिवाळ्यात तिथं विशेष नोंदींची यादी निघे. जळगावचे दाताचे डॉक्टर भूपेंद्र ती यादी करायचे. माणूस सज्जन, पण नियमाला पक्का: फोटो नाही, तर नोंद नाही. धावत्या गाडीतून, एका हातात तिकिटाचं मशीन धरून, फोटो काढायचा कसा? बाईंनी तीन हिवाळे करकोचे कळवले, तिन्ही वेळा उत्तर आलं, "ताई, बगळे असावेत."

आणि हा त्यांचा शेवटचा हिवाळा होता. गुडघे बोलायला लागले होते. एक जानेवारीपासून त्यांना आगारात पासच्या खिडकीवर बसायचं होतं. त्या खिडकीतून फक्त सायकल स्टँड दिसतो. यादीत एकदा तरी आपलं नाव यावं, एवढंच त्यांना हवं होतं. हवं होतं म्हणजे, अगदी मनापासून हवं होतं.

दोंडाईच्याला गाडी सात मिनिटं उशिरा पोचली. कंट्रोलर अभिमन यांनी उशिराचं रजिस्टर पुढे सरकवलं.

"म्हशी आडव्या आल्या, असं लिहा बाई. आपल्याकडे सगळे तेच लिहितात. त्या काही साक्षीला येत नाहीत."

सुनंदाबाईंनी पेन उघडलं आणि तसंच धरून ठेवलं. सव्वीस वर्षांत त्यांना एकही मेमो मिळाला नव्हता. पण म्हशी लिहिल्या तर करकोचे खोटे पडणार, आणि तेही त्यांच्याच अक्षरात! त्यांनी ठळक लिहिलं: "हरभऱ्याच्या शेतात कांड्या करकोचा पक्षी, संख्या चौसष्ट, सकाळी ८.४०. निरीक्षणासाठी वाहकानं गाडी थांबवली. चालकाचा दोष नाही."

अभिमन यांनी ते दोनदा वाचलं. "बाई, मेमो येईल."

"येऊ द्या. शिक्का मारा."

प्रवाशांनी पाठवलेले फोटो त्यांनी दुपारी ग्रुपात टाकले. एकात खिडकीचा गज, एकात कोणाचा तरी कान, बाकीच्यांत करडे ठिपके. भूपेंद्र यांचं उत्तर आलं, "ताई, ठिपके दिसताहेत. पण ओळख पटत नाही." मग बाईंनी रजिस्टरच्या पानाचा फोटो टाकला. शिक्क्यासकट.



"हे तुम्ही नोकरीच्या कागदावर लिहिलंत?" भूपेंद्र यांनी विचारलं.

"खरं होतं म्हणून लिहिलं."

पारोळ्याच्या हेमांगी शिक्षिका होत्या. त्यांनी लिहिलं, "डॉक्टर, आपण फोटो मागत बसलो. ताईंनी नोकरी पणाला लावली. आता काय त्या करकोच्यांचं आधारकार्ड आणायचं?"

संध्याकाळी यादी आली. 'कांड्या करकोचा, ६४. निरीक्षक: सुनंदाताई, कंडक्टर, दोंडाईचा गाडी.' बाईंनी ती चार वेळा वाचली आणि मग नवऱ्याला दाखवली. तोतारामभाऊंनी चष्मा लावला, वाचलं आणि विचारलं, "चौसष्टच ना? नीट मोजले ना?" बाईंना इतकं हसू आलं की चुलीवरचं वांग्याचं भरीत किंचित लागलं.

मेमो तिसऱ्या दिवशी आला. बाईंनी सही करून घेतला आणि खुलासा लिहिला: "थांबवण्यास कारण होते, ते नमूद केले आहे. पुन्हा असे होणार नाही."

एकतीस डिसेंबरला, त्यांच्या शेवटच्या फेरीला, धुळ्याच्या स्टँडवर नऊ-दहा माणसं गाडीत चढली. गळ्यात दुर्बिणी, पाठीवर तोफेसारखे कॅमेरे. सगळ्यांत पुढे भूपेंद्र, पहाटे जळगावहून निघून आलेले. त्यांच्या मागे हेमांगी.

"कुठलं तिकीट देऊ, डॉक्टर?"

"तुम्ही थांबवाल तिथलं."

"आता नाही थांबवता येणार. लिहून दिलंय मी," बाई म्हणाल्या. "तलावाच्या पुढच्या थांब्याचं देते. तिथून मागं चालत या."

पण पाखरांना कुठं माहीत फाटे आणि थांबे! त्या दिवशी ती नेमकी थांब्याच्या समोरच्याच तुकड्यात उतरली होती. मंडळी पाय न वाजवता खाली उतरली. सुनंदाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्यांनी दोरीला हात घातला.

रुपचंदनं इंजिन बंद केलं.

"बाई, आज आपन पाच मिनिट आधी उनूत. जा, उतरा. गाडी मी संभायस."

बाईंनी मागं पाहिलं. एका म्हाताऱ्यानं नुसतं हातानं 'जा, जा' केलं. त्या उतरल्या. अकरा वर्षांत त्या मातीवर त्यांचा पाय पहिल्यांदा पडत होता. पायाखाली ढेकूळ फुटलं, हरभऱ्याचा आंबूस वास आला. भूपेंद्र यांनी आपली दुर्बीण काढून त्यांच्या गळ्यात घातली आणि ते बाजूला झाले.

काचेत एक करकोचा आला, इतका जवळ की हात लावावा. तो मान वर करून त्यांच्याकडेच पाहत होता. गाडी हलत नव्हती, तोही हलला नाही.

"काय दिसतंय, ताई?" हेमांगींनी हळूच विचारलं.

"डोळा लाल आहे त्याचा," सुनंदाबाई म्हणाल्या. "पुस्तकात होतं. मला आज दिसला."