जाड बटणांवरचं गाऱ्हाणं

"बा देवा म्हाराजाऽऽ…"

बाबांचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा आईच्या कडेवर होते म्हणे. बाकीचं काही आठवत नाही, आवाज तेवढा आठवतो. भांडुपच्या आमच्या चाळीच्या अंगणात होळी उभी, पुढ्यात नारळ, आणि बाबा हात जोडून साऱ्या चाळीच्या वतीनं देवाशी बोलतायत. कोण आजारी आहे, कोणाचं लग्न अडलंय, कोणाच्या लेकाला काम नाही. प्रत्येक मागण्यामागून सगळे एका दमात म्हणायचे, "व्हय म्हाराजा!" आणि पत्र्यावरची कबुतरं भर्रकन उडायची.

कोकणातून गिरणीत आलेल्या आमच्या माणसांनी वळकटीबरोबर हे गाऱ्हाणंही इथं आणलं. गिरण्या गेल्या, चाळीची बिल्डिंग झाली, अंगणाचं पार्किंग झालं. शिमग्याचं गाऱ्हाणं मात्र धाकू परबांनीच, म्हणजे बाबांनीच घालायचं, हे कधी कुणी ठरवलं नव्हतं आणि कुणी मोडलंही नव्हतं.

मग घशाच्या कॅन्सरनं बाबांची स्वरपेटीच काढावी लागली. बाबा वाचले, आवाज गेला. वर औषधांनी बोटांची टोकं बधिर झाली. जन्मभर लेथवर काम केलेली बोटं ती. लोखंडावरचा केसाएवढा ओरखडा त्यांना कळायचा. आता शर्टाचं बटण हातात आलं की नाही, हे बाबांना खाली बघून ठरवावं लागायचं.

लिहिलेलं वाचून दाखवणारं ॲप मी त्यांच्या फोनमध्ये घातलं होतं. पण काचेवर टाइप करायचं कसं? बोट कुठे टेकलं, टेकलं की नाही, काच काही सांगत नाही. 'चहा' लिहायला जावं तर 'चचचजह' उमटायचं आणि फोनमधली बाई तेही इमानेइतबारे वाचायची. एकदा बाबांनी फोन गादीवर भिरकावला. त्यानंतर घरात खुणाच राहिल्या.

शिमगा जवळ आला तसा सोसायटीचा सेक्रेटरी बाळा सावंत घरी आला.

"काका, टेन्शन नको घेऊ. ह्या वर्षी गाऱ्हाणं मी घालतो. तू नुसता बाजूला उभा राहा, झकास."

बाबांनी मान हलवली. बाळा गेल्यावर आई त्यांच्यासमोर उभी राहिली. "ह्यां कित्याक कबूल केलास? तोंडात जीभ नाय म्हणान मनात पण काय नाय?"

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या पाठीकडे बघून मी ठरवलं, हा माणूस बाजूला उभा राहायचा नाही.

"बाबा, चला. मालाडला जाऊया. काच नको तर नको, कीबोर्ड घेऊ. फोनला बाहेरून जोडता येतो."

दुकानदार निमेशभाईंनी काउंटरवर कीबोर्डांची रांगच लावली. "काका, हा घ्या. एकदम स्लिम, खिशात मावेल. हा बघा, घडी होतो. ह्याला खालून लाइट."

बाबांनी मान वळवली, दुकानाबाहेरच्या रस्त्याकडे बघायला लागले आणि न बघता एकेका कीबोर्डावर बोट दाबत गेले. स्लिमवाल्यावर बटण लागल्याचं कळलं नाही. घडीवाल्यावरही नाही. लाइटवाल्यावर बोट एका बटणावरून दुसऱ्यावर घसरलं, कळलंच नाही.

मी निमेशभाईंना म्हटलं, "दिसायला कसाही चालेल. बटणं उंच हवीत, एकमेकांपासून लांब. खोल दबली पाहिजेत आणि बोटाला उलटून धक्का दिला पाहिजे."

"असा एक आहे, पण कोणी घेत नाही. आवाज फार करतो ना." त्यांनी खालच्या कप्प्यातून एक काळा, जाडजूड, बोजड कीबोर्ड काढून धूळ पुसली.

बाबांनी दाबलं. खट्. पुन्हा दाबलं. खट्. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. बोटाला नाही, पण मनगटाला धक्का पोचत होता आणि कानाला आवाज. बटण लागलं, एवढं कळायला तेवढं पुरे होतं. त्यांनी तो कीबोर्ड काखोटीला मारला, तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

घरी मी बटणांवर मराठी अक्षरांचे मोठे स्टिकर चिकटवले. बोट थरथरून तेच बटण लगेच पुन्हा लागलं तर मोजायचं नाही, अशी फोनमध्ये सोय असते, ती चालू केली. बाबांनी एकेक बटण शोधत पहिलं वाक्य लिहिलं. फोनमधली बाई बातम्या दिल्यासारखी म्हणाली, "ही बाय खयची गो?"

आई पदर तोंडाला लावून हसली. बाबांचे खांदे गदागदा हलत होते. बिनआवाजाचं हसणं किती मोठं असतं, ते मी त्या दिवशी बघितलं.

त्यानंतर घरभर खट् खट् सुरू झालं. शेजारच्या वसुधाकाकू विचारायच्या, "नलिनी, काय कुटतेस गं एवढं?" आई ताठ मानेनं सांगायची, "मी नाय कुटत. आमचे हे बोलतत."

होळीच्या संध्याकाळी पार्किंगमध्ये टेबल मांडलं. त्यावर कीबोर्ड, फोन आणि मोठा स्पीकर. बाळा नारळ घेऊन उभाच होता. त्यानं एकदा टेबलाकडे, एकदा बाबांकडे बघितलं.

"काका, तुझा मान आहेच रे. पण बाईच्या आवाजात गाऱ्हाणं? आपल्यात कधी झालंय काय?"

मागून कुणीतरी खुसखुसलं. मी काही बोलणार, तेवढ्यात बाबांनी हात वर केला आणि ते कीबोर्डापुढे बसले. सगळी बिल्डिंग त्या खट् खट् कडे कान लावून थांबली. मग स्पीकर बोलला, "आवाज बाईचो. बोलणारो मी."

बाळानं नारळ बाबांच्या हातात दिला.

आणि गाऱ्हाणं सुरू झालं. बाई सपाट सुरात वाचत होती, पण शब्द बाबांचे होते. "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां तुझ्या पायाशी इली हत. कोणाच्या वाटेत काटो आसात तर तो तू काढ म्हाराजा…"

पहिल्यांदा दोनचारजणच बोलले, तेही चाचरत. दुसऱ्या मागण्याला जिन्यातली पोरं मिळाली. तिसऱ्याला वरच्या गॅलऱ्यांतून बायका, म्हातारे, सगळे. "व्हय म्हाराजाऽ!" आई डोळे न पुसता ओरडत होती. बाबा छाती काढून उभे होते, माझ्या लहानपणी उभे राहायचे तसेच.

आधी लिहून ठेवलेलं संपलं. बाळानं होळी पेटवायला काडी काढली. पण बाबा पुन्हा बसले. हे आमचं ठरलेलं नव्हतं. खट्… खट्… वेळ लागत होता. कुणी जागचं हललं नाही. टाइप करून झाल्यावर बाबा उठून माझ्याकडे वळले, आणि स्पीकरमधली बाई त्यांच्या वतीनं बोलली:

"माझा ह्या चेडू, रुचिरा. लहान आसताना मोरीत भांडी घासताना गाऱ्हाणा म्हणी होता, एकटाच. मी दाराआड उभो रवान आयकलंय. माझ्यापेक्षा बरा म्हणी होता. मी कधी बोलूक नाय. आज बोलतंय."