गेरूखालचा चट्टा

आप्पासाहेबांचं तोंड आधी डावीकडून पडलं, चार दिवसांनी उजवीकडूनही. रेणापुरात ज्याच्या हसण्याचा आवाज चार घरं पलीकडं जायचा, त्या माणसाला आता धड डोळेही मिटता येईनात. लातूरला लकव्याच्या गोळ्या झाल्या, गुण काडीचा नाही. शेवटी लक्ष्मीबाईंनी नवऱ्याला घेऊन नांदेड गाठलं.

मेंदूच्या डॉक्टर सदफ मॅडमनी पाठीतलं पाणी काढून तपासलं. त्यात पेशी भलत्याच वाढलेल्या निघाल्या.

"टीबी वाटतोय, पण मन घेत नाही," त्या म्हणाल्या. "काका, तिसऱ्यांदा विचारते. दोन-तीन महिन्यांत अंगावर लाल चट्टा उठला होता?"

"न्हाई," आप्पासाहेब जड ओठांनी म्हणाले.

लक्ष्मीबाईंनी चमकून नवऱ्याकडं पाहिलं. चट्टा होता की! फौजेतल्या पोराला, सत्यमला, भेटायला दोघं हिमाचलला गेले होते. परतल्यावर आप्पासाहेबांच्या मांडीवर गोल कडं उठलं आणि रोज पसरत गेलं. नागीणच ती, दुसरं काय असणार! मांडीला वेढा पडला की माणूस संपला, म्हणून गावच्या मांत्रिकानं, गुरुबसप्पानं, मंतरलेला गेरू फासला आणि बजावलं, वर्षभर तिचं नाव काढायचं नाही, उलटेल. नवऱ्यावर उलटेल या धास्तीनं त्यांनीही तोंड शिवलं होतं.

आता मात्र राहवेना. गेरू लावण्याआधी गुरुबसप्पाला पाठवलेला फोटो त्यांनी मोबाईलवर काढून पुढं धरला.

मॅडम बघतच राहिल्या. "काकू, ही नागीण नाही! गोचीड चावल्यावर होणारा लाइम आजार दिसतोय. आपल्याकडं सहसा आढळत नाही, म्हणून कुणाला सुचला नाही. जंतू नसांत पोचलेत. रक्त आणि पाणी त्याच तपासणीला पाठवते, इंजेक्शन आजच सुरू करू. चेहरा बहुतेक सुधारेल."

"तवाच दावला असता तर?"

"गोळ्यांवर भागलं असतं."

मॅडम बाहेर गेल्यावर लक्ष्मीबाईंनी नवऱ्याला गदागदा हलवलं. "अवो, तीनदा इचारलं त्यांनी! सवताच्या जिवापरीस त्या गुरुबसप्पाचं भ्याव मोठं व्हतं का तुमाला?"

"माझ्या जिवाचं न्हाई," आप्पासाहेब कसेबसे बोलले. "मला येगळं घेऊन म्हणला व्हता त्यो. नाव काढलं, तर बायकोला धरंल."