शिवलालजींच्या फियाटचा पॉइंट

शिवलालजी माझ्या गॅरेजात आले की माझं डोकं आधीच तापतं. माणूस कामठ्याचा, पंचाहत्तरीचा, आणि गाडी चौऱ्याहत्तर सालची फियाट. बाकी सगळं मी करायचं, पण डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटला, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या त्या चिमुकल्या जोडीला, हात लावायचा नाही. ते काम शिवलालजी स्वतःच्या हातानं करणार. मेकॅनिक म्हणून माझी काही किंमत आहे की नाही?

त्या दिवशी मात्र मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातीचं, योगेश्वरीचं लग्न होतं, आणि तिनं सांगून टाकलं होतं, बिदाई आबाजींच्याच गाडीतून. तिच्या बापानं, हेमेंद्रनं, बजावलं होतं की संध्याकाळपर्यंत गाडी नीट झाली नाही तर भाड्याची बोलेरो येईल. गाडी सुरू व्हायची, हळूहळू चालायची. जरा दाबली की गचके खात मान टाकायची.

मी बाजारातून डिस्ट्रिब्यूटरचा रोटर आणि कॅप आणली. स्वस्तातल्या कॅपची आतली टोकं अॅल्युमिनियमची होती. ती दुकानातच ठेवून पितळी टोकांची घेतली. मग कंडेन्सरही बदलला. गचके तसेच. चार वाजले. शिवलालजी स्टुलावर बसून जुना रोटर रुमालानं पुसत होते. त्यांच्याकडे बघवेना.

शेवटी मी न विचारताच पॉइंट तपासला. फट हवी त्याच्या दुप्पट!

"काकाजी, हा गॅप कायनं लावला?"

"कायनं म्हंजे? पत्रिकेनं. नेहमीसारखा."

जुने ड्रायव्हर लग्नपत्रिकेचा तुकडा फटीत घालून माप घेतात. जाडी बरोबर जमते. म्हणजे, जमायची. शिवलालजींनी खिशातून तुकडा काढला. योगेश्वरीचीच पत्रिका, मखमली, पुठ्ठ्यासारखी जाड. मला हसू फुटलं, मग लक्षात आलं. शुभ म्हणून म्हाताऱ्यानं नातीच्याच पत्रिकेनं गाडी लावली होती.

"चुकलोच मी," ते हळूच म्हणाले. "हेमेंद्रले समजलं त चाबी हाती नाई देणार."

मी गेजच्या मापपट्टीनं फट लावली, गाडी उड्डाणपुलावर जोरात चढवून आणली. एक गचका नाही. परतलो तर हेमेंद्र मोटारसायकल लावत होता.

"काय बिघडलं होतं?"

"पार्ट डुप्लिकेट लागला होता. मायाच हातून," मी म्हणालो. खोटं बोलताना मला जराही लाज वाटली नाही.

हेमेंद्र माझ्यावर घसरला. "रत्नपाल, लग्न उद्यावर अन् तू असे पार्ट कायले लावतो?"

शिवलालजी उठले. "त्याले काऊन बोलून राहिला? मीच लावलो. पत्रिकेनं गॅप घेतलो, ते जाड निंगाली."

हेमेंद्रनं तो तुकडा हातात घेतला. वरपक्षापुढे कमी पडू नये म्हणून ती पत्रिका त्यानंच रायपूरहून छापून आणली होती. बोटांत धरून त्यानं तिची जाडी चाचपली. मग हात पुढे केला.

"चाबी द्या, बाबा."

शिवलालजींनी मान खाली घालून चावी दिली. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

हेमेंद्र गाडीत बसला, काच खाली केली.

"फुलं लावाले नेऊन राहिलो. उद्या तुमीच चालवजा." त्यानं गाडी सुरू केली. "अन् हळू चालवजा, बाबा. पोरगी जाऊन राहिली आपली."