तेवीस थेंब

छकुली खोकून आणि रडून लालबुंद झाली असणार. नुसत्या आवाजावरून कळत होतं. हे पाळण्याशी चमचा धरून बसलेले. "वाच ना लवकर! किती द्यायचं ते?"

आम्हां दोघांनाही दिसत नाही. डॉक्टरांनी फोनवर पाठवलेली सूचना धाकट्या दिराने बनवलेल्या सॉफ्टवेअरने ब्रेलमध्ये उतरवली होती, कागद नुकताच यंत्रातून बाहेर पडला होता. टिंबं कशी ठसठशीत! मी बोट फिरवलं. "तेवीस थेंब. दिवसातून तीनदा."

चमच्याजवळ कान नेऊन हे मोजू लागले. एक, दोन, तीन...

बाटलीचं बूच मीच उघडून दिलं होतं. बाटली केवढी, तर अंगठ्याएवढी. आणि डॉक्टर तर म्हणाले होते, आठवडाभर पुरेल, पण जपून द्या, कडक आहे. तेवीस-तेवीस थेंबांनी ती आठवडाभर कशी पुरेल?

"थांबा हो! पाजू नका!"

"अगं, पोरीचा जीव कासावीस झालाय, थांबा काय?"

"नका म्हणते ना!"

मी दिराला फोन लावला. "भाऊजी, डॉक्टरांची मूळ सूचना तुम्हाला पाठवलीय, वाचा. थेंब किती?"

"दोन, मग आडवी रेघ, मग तीन. म्हणजे दोन ते तीन."

"मग माझ्या कागदावरची रेघ कुठे गेली?"

जरा वेळ नुसती कळफलकाची खडखड. "ही रेघ नेहमीपेक्षा लांब आहे, वहिनी. प्रोग्रामला जी खूण ओळखू येत नाही, ती तो गाळतो. पान स्वच्छ दिसावं म्हणून मीच तसं ठेवलंय."

"दिसावं? कुणाला दिसावं, भाऊजी?"

तेवढ्यात मागचं रडणं थांबलं. एकदम. मी किंचाळले, "पाजलंत?"

"नाही गं बाई! बोट दिलंय चोखायला."

मी तिथेच फरशीवर बसले, आणि मग असा संताप आला की काय सांगू!

"ओळखू येत नाही, तर तिथे ब्रेल अक्षराच्या घरातली सहाच्या सहा टिंबं ठोका! माझं बोट अडखळू दे. अडखळलं की मी विचारीन. तुमच्या गुळगुळीत पानावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला!"

"आत्ता बदलतो, वहिनी. आत्ताच्या आत्ता."

"ते मागाहून. हे सॉफ्टवेअर अजून कुणाकुणाच्या घरी आहे?"

पलीकडे कळफलक पुन्हा खडखडू लागला.

"भाऊजी?"

"साठ-सत्तर घरं असतील."

"फोन नंबर आहेत ना त्यांचे? मग माझ्याशी काय बोलत बसलात?"