कऱ्हेतला झिरा

सुप्याच्या खालच्या अंगाला, कऱ्हेच्या काठी बनाबाईची वस्ती होती. कालव्याचं पाणी तिकडं बारामतीच्या पुढं ऊस भिजवत इंदापुराकडं जायचं. या अंगाला उन्हाळ्यात नुसता माळ, कुसळं आणि वाळूनं भरलेलं नदीचं पात्र. सदतीस सालच्या चैत्रात तहानेनं वेडी झालेली दोन हरणं तिच्या विहिरीत पडली. एक बुडून मेलं. दुसरं जिवंत निघालं, पण पाय मोडलेला. तेही रात्र काढू शकलं नाही. विहीर उपसून उपसून माणसांचे हात भरून आले, तरी पाण्याचा वास जाईना.

"ह्यांना दुसरीकडं प्यायला मिळालं, तर आपली विहीर वाचंल," बनाबाई नवऱ्याला, रामहरीला म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन पात्रात उतरली.

हातभर वाळू काढली की ओल लागायची, आणखी हातभर काढली की पाणी. माणसांसाठी वाळूत खणलेला झिरा खोल आणि अरुंद असतो. हिनं परातीसारखा पसरट खणला, कडा उतरत्या ठेवल्या, म्हणजे जनावराचं तोंड आणि पाखराची चोच पोचावी. वाऱ्यानं नि खुरांनी तो रोज बुजायचा, रोज उपसावा लागायचा. पहिल्यांदा ती एकटीच होती. मग शेजारच्या वस्तीवरची छबूबाई यायला लागली, मग मेंढ्या राखणारा भीमा. वैशाख लागेपर्यंत सात-आठ माणसं पाळी लावून झिरा काढत होती.

विहिरीसाठी सुरू केलेलं काम, पण बनाबाईचा जीव अडकला पखुर्ड्यांत. मातीच्या रंगाची, कबुतराएवढी ही पाखरं कासराभर दिवस वर आला की थव्यानं यायची, घाईघाईनं पिऊन जायची. त्यातले नर पाण्यात पोट टेकून बसायचे, पिसं चिंब करायचे आणि तसेच उडायचे. असं का, ते तिला भीमानं सांगितलं. माळावर त्यानं पाहिलं होतं. "पिल्लं लांब उघड्यावर आस्त्यात, वयनी. बाप पोटाच्या पिसांत पानी नेतो, नि ती चोखत्यात." त्या दिवसापासून ती झिऱ्याची पाळी चुकवेनाशी झाली.

वैशाखाच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी गावचे पाटील मोहनराव वस्तीवर आले. घोंगडीवर बसले, पाणी प्यायले.

"तात्या, काय काम काढलंत?" रामहरीनं विचारलं.

"सर्जेराव आलेत वाड्यावर. पाव्हणे हायेत संगं, बंदुका हायेत." पाटलांनी मान न वळवता पुढं सांगितलं, "उद्या सकाळी तुमच्यातलं कुणी झिऱ्यावर जाऊ नका."

सर्जेराव म्हणजे पलीकडच्या तालुक्यातले मोठे जमीनदार. पाटलांच्या थोरल्या मुलीची सोयरीक त्यांच्या भावकीत ठरत आलेली होती.

बनाबाई चुलीपाशी होती. ती तशीच उठून पुढं आली. "झिऱ्यावर कशापायी?"

"तितं पाखरं येत्यात म्हणून. साऱ्या माळावर तेवढंच पानी हाय. आडोशाला बसलं की एका बारात पन्नास पडतील, म्हणत्यात."

"पाटील, आमी पानी काढलं ते मारायला न्हाय."

"मला ठाऊक हाय. पर माझं बी जरा बघा," एवढं बोलून पाटील उठले.

त्या रात्री बनाबाईनं छबूबाईला नि भीमाला वस्तीवर बोलावून घेतलं. पाखरांना इथं यायची सवय कुणी लावली? तिनंच. आपण वाळू उपसली नसती, तर बंदूकवाल्यांना ती अशी एका जागी सापडली नसती. छबूबाई म्हणाली, झिरा बुजवून टाकू. पण मग सकाळी कोस-दोन कोसांवरून आलेले थवे कोरड्या वाळूवरून परत जाणार, आणि पिल्लं त्या उन्हात वाट बघत बसणार.

"दुसरा खनू," भीमा म्हणाला. "वर, म्हसोबाच्या वळनापाशी. तितं वाळूत ओल हाय."

"नि पाखरांना कोन सांगनार, तितं जा म्हणून?" रामहरी चिडला होता. त्याला पाटलांशी वाकडं नको होतं.

"खालच्या झिऱ्यावर मानूस बसलं, तर ती तितं उतरनार न्हाईत," बनाबाई म्हणाली. "घिरट्या घालतील. वरचं पानी चमकलं, तर दिसंल त्यांना. मी बसते खाली."

"बंदुकीम्होरं?"

"वाकळा धुवायला. नदी कुनाच्या बापाची न्हाय."

तांबडं फुटायच्या आत सगळी माणसं वळणावर जमली. रामहरीही आला. फावडी, टिकाव, पाट्या. हातभर गेले, ओल लागली. दोन हात गेले, तरी ओलच. वाळू घसरून पुन्हा खड्ड्यात यायची. भीमानं गुडघाभर खाली उतरून हातानं उकरायला सुरुवात केली, तेव्हा कुठं तळाला पाणी पाझरायला लागलं. तेही गढूळ, ओंजळभर. पूर्वेला सूर्य वर आला होता.

"पसरट करा, कडा पाडा," बनाबाई सांगत होती. "मी चालले."

दोन वाकळा डोक्यावर नि घागर काखेत घेऊन ती खालच्या झिऱ्याकडं निघाली. मागून छबूबाई हाका मारत होती. बनाबाईनं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय माघारी वळले असते.

झिऱ्याच्या काठाला बाभळीच्या फांद्या रोवून केलेला आडोसा तिला लांबूनच दिसला. आत तीन माणसं होती, बाजूला मोहनराव पाटील उभे. ती सरळ पाण्याशी गेली, घागरीनं पाणी काढलं आणि दगडावर वाकळ आपटायला लागली. थपाक, थपाक. साऱ्या पात्रात आवाज घुमला.

"ए बाई!" आडोशातून सर्जेराव बाहेर आले. हातात दुनळी बंदूक. "ऊठ तिथून."

"वाकळा धुतेय, सरकार."

"आत्ताच धुवायच्या आहेत का? पाटील, सांगा हिला!"

पाटील चार पावलं पुढं आले. "बनाबाई, ऊठ. आईक माझं."

"दोनच हायेत, तात्या. झाल्या की उठते."

ती पुन्हा आपटू लागली. आधीपेक्षा जोरजोरानं. तेवढ्यात तिला वरून आवाज आला, गळ्यातल्या गळ्यात घुमल्यासारखा. पखुर्ड्या. पहिला थवा माळावरून खाली आला, तिला बघून वर चढला आणि मोठा फेरा घेऊन परत आला. दुसरा थवा त्यात मिसळला. पाखरं उतरू बघत होती आणि उतरत नव्हती. जा गं बायांनो, वर जा, ती मनात म्हणत होती. वळणापाशी पाणी किती साचलं असेल, याचा तिला काही अंदाज नव्हता.

तिसऱ्या फेऱ्याला थवा खाली, अगदी डोक्यावरून आला. सर्जेरावांचा धीर सुटला. त्यांनी बंदूक वर केली.

"सरकार, मानूस हाय म्होरं!" पाटील ओरडले.

दोन बार लागोपाठ झाले. चार-पाच पाखरं वाळूवर आपटली. बनाबाईला वाटलं, कुणीतरी डाव्या हातावर निखारा ठेवला. कोपराखाली तीन ठिकाणी रक्ताच्या धारा लागल्या होत्या. ती खाली बसली. तिच्यासमोर एक नर पंख फडफडवत होता, त्याच्या पोटाची पिसं कोरडीच होती.

पाटील धावले, आपल्या फेट्याचं टोक फाडून त्यांनी तिचा हात बांधला. सर्जेराव म्हणत होते, "मी वर मारली होती. छर्रे सांडले असतील."

वळणाकडून माणसं पळत आली. रामहरी पुढं होता, हातात टिकाव. तो सर्जेरावांच्या अंगावर जायला निघाला, तसं भीमानं त्याला कवेत धरलं.

पाटील बनाबाईशेजारी वाळूत बसले आणि हलक्या आवाजात बोलले. "पोलिसांत गेलं तर माझ्या पोरीचं लगीन मोडंल. पडलीस म्हण, दगड लागला म्हण. पाया पडतो तुझ्या."

बनाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं, मग वर पाहिलं. आकाशात एकही पाखरू नव्हतं.

"मी कुटं बोलनार न्हाय," ती म्हणाली. "पर आज गावात दवंडी द्या. झिऱ्यावर कुनी बंदूक आनायची न्हाय. तुमचा पाव्हणा आसला तरी."

"देतो."

"नि ह्यांना आत्ता हितनं लावून द्या."

सर्जेराव पाव्हण्यांना घेऊन निघून गेले. पडलेली पाखरं उचलायला कुणी आलं नाही.

रामहरी रोज तिच्या हाताला हळद लावायचा. तिसऱ्या दिवशी हळद लावताना म्हणाला, "तुजं रक्त सांडलं, नि तू त्यांना तसंच सोडलंस."

"फौजदारानं माजा हात बरा केला आस्ता का?" ती म्हणाली. पण त्याचंही खरं होतं, हे तिला कळत होतं. एक छर्रा हाताच्या मांसातच राहिला. मूठ वळली की आत टोचायचा, आणि मग सर्जेरावांचं ते 'छर्रे सांडले असतील' कानात यायचं.

दवंडी त्याच संध्याकाळी फिरली होती. पाटलांनी शब्द पाळला. पण त्यानंतर ते वस्तीवर यायचे थांबले.

पाखरं मात्र येईनात. खालच्या झिऱ्यावर नाही आणि वरच्याही नाही. बंदुकीच्या दिवशी वळणावर काहीजणी उतरल्याचं भीमानं पाहिलं होतं. पण दुसरा बार झाला तशा त्याही उधळल्या. माणसं तरी दोन्ही झिरे उपसत राहिली. पाचव्या दिवशी हरणांच्या खुरांचे ठसे दिसले. सातव्या दिवशी बनाबाई गळ्यात हात बांधून वळणावर गेली आणि लांब, एका खडकाच्या सावलीत बसली. ऊन चढलं. बराच वेळ काही नाही.

मग पाच पखुर्ड्या आल्या. पाचच. दोनदा फिरल्या, कडेला उतरल्या, माना उंचावून उभ्या राहिल्या. त्यातला एक नर सावकाश पाण्यात शिरला आणि पोट टेकून बसला. बनाबाई बघत राहिली. तो उठला, पंख झटकले आणि माळाच्या दिशेनं उडाला.

तिनं उजव्या हातानं पदर सावरला आणि छबूबाईला सांगायला वस्तीकडं निघाली.