संगाबचा मीर आणि कड्यावरची वाट

संगाब दरीच्या गादीवर मीर फरामर्ज बसला तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता, आणि अर्ध्या दरीला वाटत होतं की गादी चुकीच्या मुलाला मिळाली. थोरला तहमास होता ना. पण तहमासची आई मेंढपाळाची लेक, फरामर्जची मीरांच्या घराण्यातली. त्यांच्या बापाने, म्हाताऱ्या मीराने, मरताना धाकट्याचं नाव घेतलं. तहमास उठला आणि आपली माणसं घेऊन कड्यावरच्या चौकीत राहायला गेला.

दरीतून मैदानात उतरायची एकुलती एक वाट त्या चौकीखालून जायची. उभ्या खडकात लाकडी खुंट्या ठोकलेल्या, त्यांवर फांद्या आणि सपाट दगड, आणि खाली फेसाळती कोकचा नदी. चार वर्षं तहमास ती वाट सांभाळत होता आणि चार वर्षं भावांत बोलणं नव्हतं.

फरामर्जने कारभार मात्र असा केला की कुरकुरणाऱ्यांना विषय उरला नाही. पाटाच्या पाण्यावरून भांडण आलं की तो दरबार सोडून पाटावर जाऊन बसायचा, दोन्ही बाजूंच्या हातात फावडी द्यायचा आणि स्वतः गाळ उपसायला उतरायचा. दुपारपर्यंत भांडणाऱ्यांची कंबर धरायची आणि तडजोड आपोआप व्हायची.

पाचव्या वर्षी, सफरचंदं उतरवायच्या दिवसांत, मैदानातल्या खानाचा वकील ईशबाय आला. खानाने शेजारच्या तीन दऱ्या आधीच गिळल्या होत्या. आता त्याला संगाबच्या तीनशे घरांतली माणसं हवी होती, मैदानातली दलदल कसायला. तिथे माणसांचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या दरीतून नेलेल्या माणसांपैकी एकच बाई परत आली होती, तीही तापाने फणफणत.

"तीनशे घरं म्हणजे काय मोठं, मीरसाहेब?" चहाचा पेला खाली ठेवत ईशबाय म्हणाला. "बाकीची आपल्यालाच राहतायत की."

"खानसाहेबांना शेतीची एवढी हौस असेल तर कुदळ मी पाठवतो," फरामर्ज म्हणाला. आणि खरोखरच एक नवी कोरी कुदळ त्याने वकिलाच्या खोगिराला बांधायला लावली.

वकील गेल्यावर म्हातारा वजीर नौरोज कपाळ धरून बसला. आपली कबर त्याच कुदळीने खणली जाणार, असं तो म्हणाला. फरामर्जने त्याला जेवून घ्यायला सांगितलं आणि स्वतः, शिपाई न घेता, पायीच चौकीकडे निघाला.

तहमास छपरावर तुती वाळत घालत होता. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

"चार वर्षं लागली तुला चढायला?"

"वाट वाईट आहे, लाला," फरामर्ज थोरल्या भावाला म्हणाला. "तिच्याबद्दलच बोलायला आलोय."

फरामर्जने सगळं सांगितलं. वाट उखडायची, अगदी शेवटच्या खुंटीपर्यंत.

"ही एवढी एकच गोष्ट माझी आहे," तहमास म्हणाला.

"म्हणून तर हुकूम पाठवला नाही. विचारायला आलो."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर इथेच दोघं उभे राहून लढू. पण मला मरायची घाई नाही."

तहमासने उरलेली तुती पसरून टाकली. मग त्याने सांगितलं की ईशबाय जाता जाता त्यालाही भेटला होता. वाट उघडी ठेव, गादी तुझी, असं म्हणाला होता.

"मग तू काय केलंस?"

"घोड्यावर बसवून परत पाठवला. तुझ्या आधी तो वर आला, राग आहे तो एवढ्याचाच."

दुसऱ्या दिवशी दोघा भावांनी कमरेला दोर बांधले. आठ दिवसांत वाट नाहीशी झाली. खानाचे बाराशे स्वार आले तेव्हा समोर नुसता कडा होता. तहमासची माणसं वरून ओरडून विचारत होती, कुदळ आणली का म्हणून. सहाव्या दिवशी बर्फ पडू लागला आणि फौज आली तशी परत फिरली.

मोल मोजावं लागलंच. मीठ मैदानातून यायचं, ते बंद झालं. किल्ल्यात होतं तेवढं फरामर्जने बाळंतिणींना आणि आजाऱ्यांना वाटलं. दरीत दूधचहात मीठ घालायची रीत होती; तो अळणी पिताना त्याचं तोंड असं व्हायचं की त्याची बायको माहरुख पदराआड हसायची. लोक हिवाळाभर कुरकुरले, पण दलदलीवर कोणाच्याच घरातलं माणूस गेलं नाही.

वसंतात वाट पुन्हा बांधायला घेतली. फरामर्जला ती इतकी रुंद हवी होती की लादलेली दोन खेचरं एकमेकांना ओलांडून जातील. तहमासने हातोडा खाली ठेवला. एवढ्या रुंद वाटेवरून फौजही येईल, असं त्याचं म्हणणं होतं.

"तेव्हा पुन्हा उखडू," फरामर्ज म्हणाला. "आता आपला हात बसलाय."

त्यानंतर त्याने आणखी सत्तावीस वर्षं राज्य केलं. खानाची माणसं त्या वाटेने दोनदा आली, दोन्ही वेळा घोडे विकायला. तहमासने पहिल्या खेपेला त्यांना तासभर ताटकळत ठेवलं, आणि फरामर्जने त्याला त्याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही.