सावलीची बाई

समीक्षिका चपला काढून सोफ्यावर चढली आणि तिने भिंग चित्राच्या उजव्या कडेवर धरलं. डावीकडे पट्ट्यापट्ट्यांच्या छत्र्या, आरामखुर्च्यांत पहुडलेले हॉटेलचे पाहुणे, मागे समुद्र. उजव्या कडेतून वाळूवर एक लांबट सावली आलेली. ज्याची सावली, ते माणूस मात्र चित्रात कुठेच नव्हतं.

या सावलीवर तिने तीन पानं लिहिली होती. पाहुण्यांसाठी राबणाऱ्यांना चित्रकाराने जाणूनबुजून चौकटीबाहेर ठेवलं, फक्त त्यांची सावली आत येऊ दिली, असं तिचं म्हणणं. पुढे त्याने रंगवलेले सगळे किनारे निर्मनुष्य. त्याचं मूळही तिला इथेच दिसत होतं. चित्रकारावरचं तिचं पुस्तक उद्या छापायला जायचं होतं, त्याच्या चित्रांचं प्रदर्शनही जवळ आलं होतं. चूक निघाली तर हसं होणार, म्हणून मूळ चित्र एकदा डोळ्यांखालून घालायला ती आली होती. चित्रकार जाऊन वर्ष झालं होतं. घरात त्याची बायको एकटीच.

"काकू, ही सावली कुणाची, काका कधी बोलले होते?"

"आधी खाली उतर, पडशील." काकूंनी तिचा हात धरला. "सावलीची बाई ना? ती स्वयंपाकघरात आहे."

समीक्षिका हसली. काकू हसल्या नाहीत.

स्वयंपाकघरात त्यांनी फडताळ उघडलं, खालच्या फळीवरच्या बरण्या एकेक करून ओट्यावर ठेवल्या आणि फळीवर पालथी अंथरलेली कापडाची पट्टी उचलून उलटी केली. बाह्या वर सारलेली एक तरुण बाई ओला टॉवेल पिळत उभी होती. पायाशी टॉवेलांचा ढीग. तिच्या पावलांतून निघालेली सावली डाव्या कडेला तुटली होती.

"हे कापलं कुणी?"

"मी. कात्रीनं. चित्र भिंतीवर मावत नव्हतं."

समीक्षिकेने दारातून मागे वळून पाहिलं. चित्राच्या दोन्ही बाजूंना हात-हातभर भिंत मोकळी होती. काकूंनीही पाहिलं.

"येणारा-जाणारा विचारायचा, ही कोण म्हणून," त्या म्हणाल्या. "ह्यांना सांगायची भारी हौस. मी चहा घेऊन आले की माझ्याकडे बोट दाखवायचे. ही काय, म्हणे!"

"कापल्यावर चिडले असतील."

"चकार शब्द नाही. पण पुन्हा माणूस म्हणून काढलं नाही ह्यांनी. नुसता समुद्र नि समुद्र. मी म्हणायची, अहो, निदान एखादं कुत्रं तरी काढा."

बोलता बोलता त्यांनी फडकं भिजवलं आणि पिळलं.

"काकू, ओलं नको! रंग जाईल!"

"टॉवेलवालीला पाण्याचं कसलं गं भय?"

पण फडकं हातातच राहिलं. समीक्षिका त्यांच्या मनगटांकडे बघत होती. मग पट्टीवरच्या मनगटांकडे.

"जोडता येईल?" काकूंनी विचारलं.

"येईल. सांधा दिसेल थोडा."

"जोड मग. पण प्रदर्शनात कुणी विचारलं ही कोण, तर तू बोट दाखवायचं नाहीस. मी दाखवीन."

समीक्षिकेने मान डोलावली. पट्टी काळजीपूर्वक गुंडाळून झाल्यावर उघड्या पडलेल्या फळीकडे तिचं लक्ष गेलं. तिने पिशवीतून आपली तीन पानं काढली आणि फळीवर एकाला एक लागून अंथरली.

काकू त्यांच्यावर बरण्या मांडू लागल्या.